मोहावीच्या वाळवंटात जिओकॅशिंग: आधी पाणी, मग डबा

एका भगिनीचे पत्र: "मी, माझे यजमान, अकरा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा असे आम्ही चौघे अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील मोहावी वाळवंटात आठवडाभर जिओकॅशिंगसाठी, म्हणजे इतरांनी लपवलेले डबे ('कॅश') जीपीएसच्या मदतीने शोधण्याच्या खेळासाठी, जाणार आहोत. यजमानांना या छंदाची दहा वर्षांची सवय आहे आणि जंगलात, डोंगरात, शहरात मिळून त्यांनी हजारावर कॅश शोधले आहेत. त्यांचे म्हणणे असे, की वाळवंटात झाडी नाही, सगळे उघड्यावर दिसते, तेव्हा तिथे शोधणे उलट सोपे आणि दिवसाला शंभर कॅश सहज होतील. मला मात्र उन्हाची, सापांची आणि मोबाइलला रेंज नसण्याची धास्ती वाटते. जायचे ते फेब्रुवारीत की जूनच्या अखेरीस, दिवसाला किती कॅश ठरवावेत आणि मुलांच्या हट्टाखातर आमच्या कुटुंबाचा एक कॅश तिथे लपवून यावा का, या तीन गोष्टींबद्दल आपला सल्ला हवा आहे."

प्रिय भगिनी,

तुमच्या यजमानांचे निरीक्षण खोटे नाही. मोहावीत क्रिओसोटची झुडपे एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात, मधली जमीन मोकळी असते आणि सराईत माणसाच्या नजरेला एखादा दगडांचा ढीग हाताने रचलेला आहे हे बऱ्याच लांबून कळते. तिथे डबा सापडणे सोपे असते, हे मला मान्य आहे. अवघड असते ते डब्यापर्यंत जाऊन सगळ्यांना सुखरूप घेऊन गाडीपर्यंत परत येणे, आणि ज्याने जंगलात हजार कॅश शोधले आहेत त्याला नेमका याच गोष्टीचा विसर पडण्याची भीती असते, कारण जंगलात सावली आणि बहुधा जवळपास पाणीही असते व चूक झाली तर ती सुधारायला वेळ मिळतो. म्हणून दिवसाचा बेत कॅशच्या आकड्यावर आखू नका. हाताशी किती पाणी आहे आणि उजेडाचे किती तास आहेत, यावर तो आखा, आणि त्यात जेवढे कॅश बसतील तेवढेच आपले समजा.

महिन्याचा प्रश्न लवकर निकालात काढता येतो. फेब्रुवारीतच जा. मोहावीतील सर्वांत खोलगट आणि तापणारा भाग म्हणजे डेथ व्हॅली. तिथे जूनमध्ये सरासरी कमाल तापमान 43 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर फेब्रुवारीत ते सुमारे 23 अंश असते. याच खोऱ्यात फर्नेस क्रीक येथे 10 जुलै 1913 रोजी 56.7 अंशांची नोंद झाली आहे. उन्हाळ्यात सकाळी दहानंतर सखल भागात पायी फिरू नका, असे तेथील उद्यानाचे अधिकारी स्वतःच सांगतात. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन पहाटे पाच ते दहा एवढ्याच वेळात कॅश शोधायचे आणि उरलेला दिवस खोलीत बसून काढायचा, याला मी सहल म्हणणार नाही. फेब्रुवारीत अडचण निराळी असते. दिवस लहान असतो, साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि त्यानंतर गारठा झपाट्याने वाढून उंच भागात पारा शून्याखालीही जातो. दुपारी अर्ध्या बाह्यांत फिरलेल्या मुलांसाठी गाडीत लोकरी कपडे आणि प्रत्येकासाठी डोक्याला लावायचा दिवा ठेवा.

आता मुख्य विषयाकडे येते. जिओकॅशिंगचा जन्मच अचूकतेतून झाला. जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली त्रुटी अमेरिकेने 2 मे 2000 रोजी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारी जागा तेव्हापासून काही मीटरच्या आत सापडू लागली. पण यंत्राची अचूकता ही फक्त त्या बिंदूपुरती असते. आपल्या आणि बिंदूच्या मध्ये काय आहे, हे यंत्रावरचा दिशादर्शक बाण सांगत नाही. तो सरळ रेषेत दाखवतो आणि मोहावीत सरळ रेषेत चालता येईल अशी जमीन फार थोडी आहे.

हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी याच वाळवंटात एका सकाळी मी गाडी उभी केली तेव्हा यंत्रावर 340 मीटर अंतर दिसत होते. समोरचे मैदान सपाट वाटत होते. दीडशे पावले गेल्यावर पायाखाली एकदम कोरडा ओढा आला, दोन पुरुष खोल आणि दोन्ही काठ हात लावताच ढासळणारे. उतरायला जागा शोधत मी ओढ्याच्या कडेने वर गेले, उतरले, पलीकडे चढले आणि पुढे तसाच दुसरा ओढा लागला. पाऊण तासाने यंत्र 90 मीटर दाखवत होते आणि बाटलीत निम्म्याहून कमी पाणी राहिले होते. डबा ज्या खडकाखाली असणार तो खडक मला दिसत होता. मी परत फिरले. गाडीपाशी पोचले तेव्हा बाटलीत दोन घोट उरले होते, आणि खडकापर्यंत जाऊन आले असते तर तेही उरले नसते. त्या कॅशपुढे माझ्या नावावर आजही 'सापडला नाही' अशीच नोंद आहे.

तेव्हापासून मी एक हिशेब पाळते आणि तुम्हीही तो पाळावा: बरोबर घेतलेल्या पाण्यापैकी एक तृतीयांश संपले की, बाणावर कितीही कमी अंतर दिसत असले तरी, परत फिरायचे. दुसरा तृतीयांश परतीसाठी आणि तिसरा अडचणीसाठी. दिवसाला माणशी चार लिटर हे वाळवंटासाठी किमान प्रमाण मानतात. चौघांचे सोळा लिटर झाले, आणि त्याहून अधिक एक पूर्ण दिवसाचा साठा गाडीत वेगळा ठेवावा, जो एरवी उघडायचाच नाही. मुले तहान लागल्याशिवाय पाणी मागत नाहीत आणि तहान उशिरा लागते, म्हणून तुमच्या मुलाच्या हाती घड्याळ द्या आणि दर वीस मिनिटांनी सगळ्यांना पाणी प्यायला लावण्याचे काम त्याच्याकडे सोपवा. पाण्याबरोबर खारट काहीतरी खायला द्या, कारण नुसतेच पाणी फार प्यायल्याने रक्तातील मीठ कमी होऊन त्रास होऊ शकतो. डोके दुखणे, मळमळणे, चिडचिड होणे ही उष्म्याची पहिली लक्षणे असतात. मूल विनाकारण कुरकुर करू लागले तर त्याला रागावण्याआधी सावलीत बसवा.

गाडी सोडण्यापूर्वी ती उभी केलेली जागा यंत्रात नोंदवा. या खेळात सगळे लक्ष डब्याच्या बिंदूवर असते आणि गाडीचा बिंदू नोंदवायचा राहून जातो. कॅशचे अक्षांश-रेखांश हाताने भरत असाल तर मांडणी तपासा. या छंदात अंश आणि दशांश मिनिटे अशी पद्धत रूढ आहे, आणि 10.500 मिनिटे हा आकडा कोणी 10 मिनिटे 50 सेकंद असा भरला तर अक्षांशातच सहाशे मीटरहून अधिक चूक होते. शहरात या चुकीने गल्ली बदलते. वाळवंटात त्यापायी भर उन्हात सव्वा किलोमीटरचा फुकटचा फेरा पडतो.

तुमची रेंजची काळजी रास्त आहे. मोहावीच्या मोठ्या भागात मोबाइलचा संकेत मिळत नाही, म्हणून नकाशे आणि कॅशची वर्णने, शेवटच्या नोंदींसकट, निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून घ्या आणि रोजच्या निवडक कॅशचा एक कागदही खिशात ठेवा. आयफोन 35 अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे त्याची कंपनीच सांगते. उन्हात धरलेला कोणताही फोन लवकर तापतो आणि स्वतःहून बंद पडतो. हातात धरायचे जीपीएस यंत्र तुमच्या यजमानांकडे असेलच, ते मुख्य ठेवा आणि फोन सावलीत, पिशवीत राहू द्या. आयफोन 14 आणि त्यापुढच्या फोनांवरून उपग्रहामार्फत मदत मागता येते. अमेरिकेत ही सोय नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झाली. तसा फोन नसेल तर उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे छोटे यंत्र आठवड्यासाठी भाड्याने घ्या. आणि रोज सकाळी, कुठे जाणार, कोणत्या रस्त्याने आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे मुक्कामाच्या ठिकाणी एका माणसाला लिहून द्या.

रस्त्याच्या बाबतीत यंत्रावर विसंबू नका, हे मी कळकळीने सांगते. ऑगस्ट 2009 मध्ये एक आई आपल्या लहान मुलासह डेथ व्हॅलीत वाट दाखवणाऱ्या यंत्राच्या भरवशावर एका सोडून दिलेल्या कच्च्या वाटेला लागली. गाडी वाळूत रुतली. पाच दिवसांनी मदत पोचली तेव्हा आई वाचली होती, मुलगा गेला होता. कॅशपर्यंत पोचायला यंत्र एखादी अस्पष्ट चाकोरी सुचवील, तेव्हा ती तुमच्या गाडीजोगी आहे का, हे छापील नकाशावर आणि स्थानिक कार्यालयात विचारून पाहा. शंका आली तर तो कॅश यादीतून काढून टाका. गाडी बंद पडली तर तिच्यापाशीच थांबा, कारण शोधायला निघालेल्यांना चालणाऱ्या माणसापेक्षा उभी गाडी आधी दिसते. कोरड्या ओढ्याच्या पात्रात गाडी उभी करू नका. वर दूर कुठे पाऊस पडला तर तुमच्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही लोंढा येऊ शकतो.

साप आणि विंचवांचे भय बाळगावे, पण त्याचा बाऊ करू नये. फेब्रुवारीत रॅटलस्नेक बहुधा बिळात असतात, मात्र उबदार दुपारी बाहेर येतात. खरा धोका सापाच्या स्वभावात नसून या खेळाच्या रीतीत आहे, कारण इतर प्रवासी न दिसणाऱ्या फटीत हात घालत नाहीत आणि कॅश शोधणारा मात्र तेच करतो. सावलीतील फट, दगडाचे खालचे अंग, जुन्या लाकडामागची पोकळी या डबा लपवायच्या जागा, आणि त्याच विंचवाच्या व 'ब्लॅक विडो' या विषारी कोळ्याच्या राहायच्या. म्हणून आधी काठी, मग दिव्याचा झोत, मग हातमोजे घातलेला मोठ्या माणसाचा हात, हा क्रम मोडू देऊ नका. डबा बाहेर येऊन मोकळ्या जागी उघडला गेल्यावरच मुलांनी पुढे यावे. उन्हात राहिलेली लोखंडी पेटी उघड्या हाताने धरू नये, चटका बसतो. साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट बांधणे यांपैकी काहीही करू नका. माणसाला शांत बसवा आणि 911 या आपत्कालीन क्रमांकावर, रेंज नसेल तर उपग्रहामार्फत, मदत मागा.

चोया नावाच्या निवडुंगाची ओळख मुलांना पहिल्याच दिवशी करून द्या. लांबून तो मऊ लवेचा दिसतो आणि मुलांना हात लावावासा वाटतो. त्याचे पेर नुसते घासले तरी तुटून बुटाला, पोटरीला चिकटते, आणि बोटांनी ओढायला जावे तर बोटांतच रुतते. त्यासाठी साधा रुंद दातांचा कंगवा खिशात ठेवा: कातडी आणि पेर यांच्या मध्ये कंगवा सरकवायचा आणि एका झटक्यात पेर दूर उडवायचे. उरलेले बारीक काटे चिमट्याने निघतात.

आणखी एका रहिवाशाबद्दल सांगायला हवे. मोहावीतील वाळवंटी कासवाला 1990 पासून केंद्रीय कायद्याने धोक्यातील प्रजाती म्हणून संरक्षण आहे. हिवाळ्यात ते बिळात असते, पण फेब्रुवारी सरताना उबदार दिवशी दिसू शकते, आणि उभ्या गाडीची सावली त्याला आवडते. गाडी सुरू करण्यापूर्वी वाकून खाली पाहण्याचे काम मुलीला द्या. कासव दिसले तर त्याला उचलू नका, मुलांनाही उचलू देऊ नका. ते कोरड्या महिन्यांसाठी मूत्राशयात पाणी साठवून ठेवते, आणि घाबरले की ते सगळे सोडून देते; पुढचा पाऊस लांब असेल तर एवढ्याने त्याचा जीव जाऊ शकतो. त्याच्या बिळासारखे दिसणारे अर्धगोल तोंड कॅशच्या जागेजवळ आढळले तर काठीनेही चाचपू नका. पायाखालच्या जमिनीचीही अशीच काळजी घ्या. काही ठिकाणी मातीवर काळसर, खडबडीत साय धरलेली दिसते. ती सूक्ष्म जीवांची जिवंत कातडी असते आणि एका पावलाने मोडलेली साय पुन्हा धरायला कित्येक वर्षे लागतात. खडकावरून, वाळूच्या पात्रातून किंवा आधीच्या पायवाटेने जा, मग बाण कुठेही दाखवो.

आकड्याच्या प्रश्नात तुमच्या यजमानांशी माझा मतभेद आहे. खेळाच्या नियमाप्रमाणे दोन कॅशमध्ये 161 मीटर अंतर राखले की पुरते, आणि त्याचाच आधार घेऊन वाळवंटी रस्त्यांच्या कडेने शेकडो डब्यांच्या रांगा लावल्या जातात, ज्यांना पॉवर ट्रेल म्हणतात. नेवाडातील 375 क्रमांकाच्या रस्त्यावरची अशी रांग या छंदातील लोकांना चांगलीच परिचित आहे. शंभर कॅश म्हणजे शंभर वेळा गाडी थांबवणे, दार उघडणे, उतरणे, डब्यातल्या नोंदीच्या कागदावर सही करणे, पुन्हा चढणे. एकाला चार मिनिटे धरली तरी पावणेसात तास झाले, आणि फेब्रुवारीतला अवघा दिवस अकरा तासांचा. यजमानांना हौस असेल तर एक सकाळ, दोन तास, रहदारी नसलेल्या बाजूच्या रस्त्यावर पंचवीस-तीस डबे जरूर शोधू द्या. गाडी दुसऱ्या मोठ्या माणसाने चालवावी आणि मुलांनी रस्त्याच्या बाजूचे दार उघडूच नये. उरलेल्या दिवसांत रोज सहा ते आठ कॅश ठरवा, अवघडपणाच्या आणि भूभागाच्या दोन्ही श्रेणी पाचपैकी अडीचच्या आत असलेले, आणि गेल्या काही महिन्यांत कोणाला तरी सापडल्याची नोंद असलेले. ऊन खाऊन ठिसूळ झालेला, फुटलेला डबा शोधत मुलांना दगड उलथायला लावण्यात काही हशील नाही.

या सहा-आठांतले काही कॅश डब्याविना असतील, आणि मला स्वतःला तेच सर्वांत मोलाचे वाटतात. डेथ व्हॅली, जोशुआ ट्री आणि मोहावी राष्ट्रीय राखीव प्रदेश येथे परवानगीशिवाय डबा लपवता येत नाही, त्यामुळे तिथे प्रामुख्याने आभासी कॅश आणि 2004 साली सुरू झालेले अर्थकॅश असतात. अर्थकॅशमध्ये त्या जागेच्या भूगर्भाविषयी प्रश्न दिलेले असतात. जागेवर जाऊन, निरखून, मोजून उत्तरे पाठवली की कॅश तुमच्या नावावर लागतो. समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली बॅडवॉटरच्या मिठाच्या मैदानात गुडघे टेकून मिठाच्या आकृत्यांच्या बाजू मोजणारी मुलगी त्या दिवशी जे शिकते, ते डब्यातल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यातून मिळत नाही. राखीव प्रदेशातील केल्सोच्या सुमारे दोनशे मीटर उंच वाळूच्या टेकड्यांवरही मुलांना न्या. वाळू कोरडी असेल आणि उतारावरून एकदम घसरली तर टेकडीतून दीर्घ, खोल घुमणारा आवाज येतो. तो पोटाला जाणवतो.

डबे असलेले कॅश तुम्हाला मुख्यत्वे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या केंद्र सरकारी खात्याच्या साध्या जमिनींवर मिळतील. तिथे जुन्या खाणींची तोंडे फार आहेत. कॅशची जागा खाणीजवळ असली तरी खाणीत पाऊल टाकायचे नाही, कारण तख्तपोशी कुजलेली असते आणि आतली हवा विषारी असू शकते. खाणकामगारांनी टाकलेले गंजके डबे, बाटल्या उचलू नका. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू केंद्रीय जमिनीवरून नेणे 1979 च्या कायद्याने गुन्हा ठरू शकते, आणि गंजका डबा पाहून 'सापडला' म्हणून मुले धावणार, हे गृहीत धरा.

राहिला तुमच्या कुटुंबाचा कॅश. तो लपवू नका. कॅश लपवणाऱ्याने त्याची देखभाल करायची असते, ओला झाला, फुटला, पळवला गेला तर जाऊन दुरुस्त करायचा असतो, आणि सहलीला आलेल्या माणसाला ते शक्य नसल्याने असे कॅश खेळाच्या संकेतस्थळावर बहुधा मंजूरच होत नाहीत. मंजुरीविना सोडलेला डबा हा कचरा असतो, आणि त्या कोरड्या हवेत तो वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. मुलांचा हट्ट मात्र पुरवता येईल. प्रत्येकासाठी एक ट्रॅव्हल बग घ्या. ही क्रमांक कोरलेली धातूची पट्टी असते, तिला मुलांनी आपल्या आवडीची छोटी वस्तू जोडावी, खाण्याची किंवा वितळणारी नको, आणि तिने कुठवर प्रवास करावा हे लिहावे. पुढचे शोधक तिला एका कॅशमधून दुसऱ्यात नेतात आणि प्रत्येक टप्पा घरी बसून पाहता येतो. ती रस्त्याकडेच्या चिमुकल्या डबीत कोंबू नका. पायवाटेवरचा, घट्ट झाकणाचा, नुकताच कोणाला तरी सापडलेला मोठा डबा निवडा, आणि पट्टी आत ठेवण्यापूर्वी तिचा क्रमांक मुलांनी आपल्या हाताने वहीत उतरवून घ्यावा.